तीस गुण आणि तांबडा विंचू

डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले की समोरच्या भिंतीवर पदवीची चौकट दिसते. एमबीबीएस, पुढे एमडी किंवा डीजीओ, विद्यापीठाचा शिक्का आणि कोपऱ्यात वर्ष. ते वर्ष बहुतेक रुग्ण वाचत नाहीत. वाचलेच तर डॉक्टर अनुभवी आहेत, एवढा अर्थ काढून निश्चिंत होतात. टेबलाच्या खणात मात्र आणखी एक फाइल असते, ती रुग्णाला कधीच दिसत नाही. तिच्यात परिषदांची, चर्चासत्रांची, कार्यशाळांची प्रमाणपत्रे लावून ठेवलेली असतात आणि प्रत्येकावर एक आकडा असतो. त्याला क्रेडिट पॉइंट म्हणतात. पाच वर्षांत या आकड्यांची बेरीज तीस भरली पाहिजे. ती भरली तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणीचे नूतनीकरण होते. नूतनीकरण नाही, तर डॉक्टरला राज्यात कायदेशीररीत्या व्यवसाय करता येत नाही.

भिंतीवरची चौकट डॉक्टर कधीकाळी काय शिकला ते सांगते. खणातली फाइल तो अजून शिकतो आहे की नाही, हे सांगण्यासाठी आहे. सांगते का, हा प्रश्न आहे. सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्यांत तो जरा जास्तच टोकदार होतो. इथल्या माणसाला मोठे रुग्णालय गाठेपर्यंत जो पहिला डॉक्टर भेटतो, त्याला त्या रात्री काय आठवते, यावर पुष्कळ काही ठरते.

आधी नियम समजून घेऊ. राज्यातील ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी १९६५च्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल कायद्याखाली होते. डॉक्टरांनी दर पाच वर्षांत किमान तीस तास निरंतर वैद्यकीय शिक्षण घ्यावे, ही अट देशपातळीवर २००२ साली आली. तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने व्यावसायिक वर्तन आणि नीतिमत्तेची नियमावली केली, तिच्यात ती होती. पुढे ती परिषद गेली आणि सप्टेंबर २०२०पासून तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. आयोगाने ऑगस्ट २०२३मध्ये नवी नियमावली जाहीर केली. तिच्यात निरंतर शिक्षणावर आणि औषध कंपन्यांच्या प्रायोजकत्वावर बरेच काही होते. जेनेरिक नावानेच औषध लिहिण्याच्या कलमावरून गदारोळ झाला आणि तीन आठवड्यांच्या आत सगळी नियमावलीच स्थगित करण्यात आली. २००२चीच नियमावली पुन्हा लागू झाली. त्यामुळे आकडा तोच राहिला. पाच वर्षांत तीस, म्हणजे वर्षाला सहा. मराठी माणूस वर्षाला तीन तासांचे दोन चित्रपट बघतो, तेवढा वेळ.

एवढी तरी अट का हवी, हे सांगायला फार लांब जावे लागत नाही. एखादी डॉक्टर १९९८ साली एमबीबीएस झाली असेल, तर क्षयरोगाची औषधे आठवड्यातून तीन दिवस द्यायची, हे तिला तेव्हा शिकवले गेले. राष्ट्रीय कार्यक्रमच तसा होता. २०१७मध्ये तो बदलला आणि औषधे रोज देणे सुरू झाले. गर्भपाताच्या कायद्यात तिला वीस आठवड्यांची मर्यादा पाठ होती. २०२१च्या दुरुस्तीने काही गटांतील स्त्रियांसाठी ती चोवीस आठवडे झाली. जुन्या मर्यादेवर विसंबून तिने कोणा बलात्कारपीडितेला परत पाठवले, तर तो अन्याय अज्ञानातून झालेला असेल, पण भोगावा लागेल त्या मुलीलाच. आणि कोविड तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडला. मार्च २०२०मध्ये इस्लामपुरात रुग्ण सापडू लागले, तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या एकाही डॉक्टरने हा आजार पुस्तकात वाचलेला नव्हता. पुढच्या दीड वर्षात उपचारांची यादी किती वेळा फिरली! डेक्सामेथासोनसारखे जुने स्वस्त औषध ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे प्राण वाचवते, हे कळायला २०२०चा जून उजाडला. प्लाझ्मासाठी नातेवाईक गावोगाव दाते शोधत फिरले आणि मे २०२१मध्ये तो मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला.

अनुभवाने डॉक्टर आपोआप सुधारत जातो, हा समज रुग्णांचा असतो, तसाच डॉक्टरांचाही. २००५ साली 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात एक आढावा आला होता. डॉक्टरांच्या व्यवसायाची वर्षे आणि त्यांच्या कामाचा दर्जा यांचा संबंध तपासणारे ६२ अभ्यास त्यात एकत्र पाहिले होते. निम्म्याहून थोड्या अधिक अभ्यासांत, व्यवसायाची वर्षे वाढली तशी सगळ्याच मोजमापांत कामगिरी घसरलेली दिसली. पांढऱ्या केसांचा अपमान करायचा म्हणून हे सांगितलेले नाही. हात बसलेला असणे वेगळे आणि माहिती ताजी असणे वेगळे. हात वर्षांनी बसतो, माहिती शिळी होत जाते.

तर तीस गुण मिळतात कसे? सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे मान्यताप्राप्त परिषदेला किंवा चर्चासत्राला हजर राहणे. आयोजक संस्था कौन्सिलकडून मान्यता घेते, कार्यक्रमाला गुण ठरवून दिले जातात, हजेरी नोंदवली जाते. व्याख्यान देणाऱ्याला, शोधनिबंध प्रसिद्ध करणाऱ्यालाही श्रेय असते. पण सामान्य जनरल प्रॅक्टिशनर किंवा वैद्यकीय अधिकारी शोधनिबंध कुठला लिहिणार? त्याचे जवळपास सगळे गुण खुर्चीत बसून मिळालेले असतात.

खुर्चीत बसण्याचा तो रविवार कसा असतो, हे या पेशातल्या कोणालाही विचारावे. साडेनऊची वेळ, सुरुवात सव्वादहाला. दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, शाल, श्रीफळ. मग पुण्या-मुंबईहून आलेले तज्ज्ञ पंचवीस मिनिटांत साठ स्लाइड दाखवतात. त्यातल्या काही खरोखर उत्तम असतात, हे मान्य केले पाहिजे. चांगला वक्ता एखादी गोष्ट अशी सांगून जातो की ती जन्मभर विसरत नाही. पण सभागृहात मागे बसलेल्या डॉक्टरच्या गावात एमआरआय नाही, कॅथलॅब नाही, रात्री आठनंतर रक्तही मिळत नाही, आणि पडद्यावर चाललेली चर्चा मात्र अमुक स्टेंट चांगला की तमुक, अशी. जेवणानंतर सभागृह निम्मे रिकामे होते. प्रमाणपत्र मात्र पूर्ण मिळते. झोपलेल्याचे गुण आणि ऐकलेल्याचे गुण सारखेच असतात, कारण मोजली जाते ती हजेरी.

हा एकाच प्रकारचा गुण, हीच आपल्याकडची खरी अडचण आहे. तीस हा आकडा कमी की जास्त, यावर वाद घालण्यापेक्षा ते तीस कशाचे, हे विचारायला हवे. इतर देशांनी गुणांचे प्रकार पाडले ते याच कारणाने.

अमेरिकेत हे सगळे बरेच आधी सुरू झाले. तिथल्या वैद्यकीय संघटनेने १९६८मध्ये निरंतर शिक्षणाची दखल घेणारा पुरस्कार सुरू केला, आणि १९७१मध्ये न्यू मेक्सिको या राज्याने डॉक्टरचा परवाना नव्याने देताना अशा शिक्षणाची अट घालणारा कायदा केला. तिथे पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे गुण असतात. पहिल्या वर्गाचे गुण मान्यताप्राप्त संस्थेनेच द्यायचे, साधारण एका तासाला एक. दुसऱ्या वर्गाचे गुण डॉक्टरने स्वतःच नोंदवायचे. स्वतः वाचलेले, सहकाऱ्याशी केलेली चर्चा, विद्यार्थ्यांना शिकवताना झालेली उजळणी यांत धरली जाते. डॉक्टरच्या शब्दावर विश्वास ठेवणारी ही सोय आहे. पण खरी पाहण्यासारखी गोष्ट पहिल्या वर्गाच्या आतच आहे. तिथे व्याख्यानाला जसे गुण, तसेच स्वतःच्या कामाची तपासणी करून ते सुधारण्यालाही आहेत. आपल्या रुग्णांच्या नोंदी काढायच्या, त्या प्रमाण उपचारांशी ताडून पाहायच्या, कुठे कमी पडलो ते शोधून बदल करायचा आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजायचे. हे तिन्ही टप्पे पूर्ण केले तर वीस गुण. खुर्चीत बसून तेवढे मिळवायला वीस तास लागतील.

कॅनडातील विशेषज्ञांच्या रॉयल कॉलेजने याहून स्पष्ट वजन लावले. पाच वर्षांत चारशे गुण, ही तिथली अट. समूहाने शिकणे, स्वतः शिकणे आणि स्वतःची तपासणी करणे असे तीन विभाग पाडले. पहिल्या विभागात एका तासाला एक गुण आणि तपासणीच्या विभागात एका तासाला तीन. आरशात बघणे कठीण असते, म्हणून त्याला तिप्पट भाव. शिवाय एकाच विभागात सगळे गुण गोळा करायची मुभा ठेवली नाही. ब्रिटनमध्ये फिजिशियनांच्या रॉयल कॉलेजने आपल्या रुग्णालयाबाहेर शिकलेले, रुग्णालयाच्या आत शिकलेले आणि एकट्याने शिकलेले असे भाग केले. वर्षाला पन्नास गुणांची अपेक्षा ठेवली आणि त्यातले निम्मे तरी बाहेरचे हवेत असे सांगितले, म्हणजे डॉक्टर स्वतःच्याच विहिरीत राहणार नाही. डिसेंबर २०१२पासून तिथल्या डॉक्टरला दरवर्षी मूल्यमापनाला सामोरे जावे लागते आणि पाच वर्षांनी परवाना पुन्हा पक्का करून घ्यावा लागतो. रुग्णांचे आणि सहकाऱ्यांचे अभिप्रायही त्यात पाहिले जातात.

व्याख्यानांनी काहीच होत नाही असे नाही. पण किती होते, हे मोजले गेले आहे. डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात जो आढावा घेतला, त्याचा निष्कर्ष असा होता की नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांची वागणूक बदललेली दिसत नाही. जिथे प्रश्नोत्तरे, प्रत्यक्ष सराव, रुग्णांच्या उदाहरणांवर चर्चा असते तिथे बदलते. कॉक्रेन संस्थेच्या २००९च्या आढाव्यात शैक्षणिक बैठकांमुळे योग्य उपचार पाळण्यात झालेली सुधारणा सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास निघाली. सहा टक्के म्हणजे शून्य नव्हे. पण सगळा भार त्यावरच टाकावा, एवढेही नव्हे. 'मला काय येत नाही ते मी शोधून शिकेन' यावरही फार विसंबता येत नाही. डेव्हिस यांच्याच २००६च्या दुसऱ्या आढाव्यात डॉक्टरांचे स्वतःबद्दलचे मत आणि बाहेरून केलेली तपासणी यांच्या वीस तुलना होत्या. त्यातल्या तेरांत दोहोंचा फारसा मेळ नव्हता किंवा चक्क उलटा होता. ज्याला जे येत नाही, ते येत नाही हेही त्याला ठाऊक नसते. हे डॉक्टरांपुरतेच खरे आहे असे नाही, पण इथे किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.

आता तांबड्या विंचवाकडे येऊ. शिकणे म्हणजे काय, आणि ते एका डॉक्टरकडून दुसऱ्यापर्यंत पोचणे म्हणजे काय, याचे महाराष्ट्राच्या मातीतले याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

उन्हाळा संपत आला की माळावरचे दगड हलवताना, शेणी उचलताना, गवताच्या गंजीत हात घालताना विंचू चावतो. खेड्यात भीती असते ती मोठ्या काळ्या इंगळीची. ती दिसायला भयंकर, पण तिच्या दंशाने सहसा ठणका लागतो आणि थांबतो. जीव घेतो तो बोटभरही नसलेला तांबडा विंचू. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात तो सापडतो. त्याचे विष शरीरातील ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सोडते. रुग्णाला दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब आधी चढतो आणि मग हृदय थकते. फुप्फुसात पाणी भरते आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. लहान मुले तर पाहता पाहता जातात.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकात तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. विंचूदंशाने माणसे डोळ्यांदेखत मरताना त्यांनी पाहिली. पुस्तकात त्यावर धड काही नव्हते. त्यांनी रुग्णांच्या शेजारी बसून नोंदी ठेवल्या आणि मृत्यू हृदयाच्या वाटेने येतो हे ओळखले. १९८२मध्ये ते निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये आले. पुढे महाडला त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध वापरून पाहिले. विषाने जे दार सताड उघडलेले असते, ते हे औषध बंद करते. तेही १९८०च्या दशकातच 'लॅन्सेट'मधून जगापुढे आले. आधी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांत पंचवीस-तीस दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण तीनच्याही खाली आले. २०११मध्ये डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दाखवून दिले की प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लस दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. (हे वाचून कोणी घरात प्राझोसिन आणून ठेवू नये. पहिल्याच गोळीनंतर उभे राहिल्यावर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. रुग्णाला झोपवून, लक्ष ठेवून देण्याचे ते औषध आहे.)

शोध लागला, छापून आला, जगाने मान्य केला. पण दहिवडी किंवा जत भागातल्या एखाद्या दवाखान्यात रात्री दोन वाजता आणलेल्या पोराला त्याचा उपयोग केव्हा? तिथल्या डॉक्टरला ते आठवेल तेव्हा, गोळी कपाटात असेल तेव्हा, आणि जुनी सवय मोडलेली असेल तेव्हा. जुनी सवय म्हणजे ॲट्रोपिन आणि स्टेरॉइड. घाम आणि लाळ दिसली की हात ॲट्रोपिनकडे जातो. या दंशात ते उपयोगाचे तर नाहीच, उलट आधीच धावणाऱ्या हृदयाला चाबूक मारते. ही सवय साठ स्लाइडनी मोडत नाही. ती मोडते ती शेजारच्या तालुक्यातल्या डॉक्टरने 'माझा रुग्ण असा गेला आणि दुसरा असा वाचला' हे समोर बसून सांगितले की. किंवा स्वतःच्याच रजिस्टरमधल्या मागच्या दहा नोंदी काढून पाहिल्या की.

बावस्करांनी बिरवाडीत जे केले, ते आजच्या भाषेत त्यांच्या स्वतःच्या कामाची तपासणीच होती. नोंद, प्रश्न, बदल, पुन्हा नोंद. त्यासाठी एखादी मोठी संस्था मागे लागली नाही. एक वही आणि उशाशी बसण्याचा वेळ पुरला. प्रत्येक आरोग्य केंद्रात 'लॅन्सेट'चा लेख जन्माला येणार नाही आणि यावाही लागत नाही. आपल्या केंद्रात काय चालले आहे, हे आपल्याला कळावे, एवढेच पुरे आहे.

सर्पदंशाचे घ्या. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सगळ्यांना ठाऊक आहे, पण पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरपट्ट्यात भातलावणीच्या दिवसांत जो साप चावतो, त्याचा सण होत नाही. घोणस किंवा फुरसे चावले की रक्त गोठेनासे होते. ते ओळखायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. कोरड्या, स्वच्छ, काचेच्या नळीत रुग्णाचे दोन मिलिलिटर ताजे रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी एकदाच तिरपी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर प्रतिसर्पविष द्यायचे. नळी काचेचीच हवी. प्लास्टिकच्या नळीत निकाल फसवा येतो, आणि आता दवाखान्यांत सगळीकडे प्लास्टिकच्या व्हायल असतात. ही एवढीशी गोष्ट हुकली, तर घोणशीचा रुग्ण 'साप बिनविषारी दिसतो' म्हणून घरी पाठवला जातो किंवा ज्याला गरज नाही त्याला वीस बाटल्या चढतात.

एखाद्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने वर्षभरातील सर्पदंशाचे सगळे केसपेपर काढले आणि मोजले की किती जणांची वीस मिनिटांची चाचणी झाली, किती जणांना ती काचेच्या नळीत झाली, पुढे पाठवलेल्या रुग्णांपैकी किती जणांना निघण्यापूर्वी पहिला डोस मिळाला. मग परिचारिकांना एकत्र बसवले, दोन डझन काचेच्या नळ्या मागवल्या, भिंतीवर कागद चिकटवला आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा मोजले. या कामाला किती क्रेडिट पॉइंट द्यावेत? आज त्याला ठरलेली अशी जागा नाही. पंचतारांकित सभागृहातील रविवारी मात्र दोन प्रमाणपत्रे छापून तयार असतात. केंद्राने मार्च २०२४मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे, असे त्याचे लक्ष्य आहे. ते मृत्यू सभागृहात कमी होणार नाहीत.

सरकारी यंत्रणेत अशा शिकण्याची एक जागा आधीपासून आहे. माता मृत्यू झाला की त्याचे अन्वेषण होते. कोणत्या टप्प्यावर उशीर झाला, घरी, वाटेत की रुग्णालयात, याचा मागोवा काढला जातो. ती बैठक नीट झाली तर तिथे बसलेल्या प्रसूतितज्ज्ञाला, भूलतज्ज्ञाला आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला जे शिकायला मिळते, ते कुठल्याही परिषदेत मिळत नाही. पण आरोपांच्या भीतीने ती अनेकदा कागदी होते, प्रत्येक जण स्वतःचा बचाव तयार करून येतो. तिथे शिकण्याचे श्रेय असेल, शिक्षेची भीती थोडी कमी असेल, तर कदाचित खरे बोलले जाईल. हे 'कदाचित' मोठे आहे, पण करून पाहण्यासारखे आहे.

पैशाचा प्रश्न टाळून चालणार नाही. सभागृह, जेवण, वक्त्यांचा विमानप्रवास यांचा खर्च कोण करते? पुष्कळदा औषध कंपन्या. डिसेंबर २००९मध्ये वैद्यक परिषदेने डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार घेण्यास मनाई केली. फेब्रुवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात, अशा भेटींवरचा खर्च कंपनीला प्राप्तिकरात वजा दाखवता येणार नाही, असा निकाल दिला. मार्च २०२४च्या औषध विपणन संहितेनेही भेटवस्तू आणि सहली बंद केल्या, मात्र ठरलेल्या चौकटीत राहून शैक्षणिक कार्यक्रमांना मदत करण्याची वाट ठेवली. वाट ठेवली की रहदारी सुरू होते. कोणता विषय परिषदेत तासभर चालतो आणि कोणता चहाच्या आधी दहा मिनिटांत उरकतो, हे पाहिले की कळते. मधुमेहाच्या नव्या गोळीवर सत्र होते. ओआरएस आणि झिंकवर सत्र घ्यायला कोण पुढे येईल? प्राझोसिनच्या गोळीवर तर कोणाचाच फायदा अडकलेला नाही. स्वस्त ज्ञानाला प्रायोजक मिळत नाही, म्हणून त्याची सोय कौन्सिलने आणि सरकारनेच करायला हवी.

आता डॉक्टरांची बाजू. आरोग्य केंद्रात जेव्हा एकच डॉक्टर हजर असतो, तेव्हा रविवारी साताऱ्याला किंवा मिरजेला जायचे म्हणजे केंद्र उघड्यावर टाकायचे. जनरल प्रॅक्टिशनरला दवाखाना बंद ठेवून, नोंदणी शुल्क भरून, पेट्रोल जाळून गुण आणावे लागतात. पाचवे वर्ष संपत आले की धावपळ सुरू होते आणि मग विषय कोणताही चालतो. त्वचारोगाच्या परिषदेत अस्थिरोगतज्ज्ञ दिसला तर नवल वाटून घेऊ नये. ऑनलाइन शिक्षणाने थोडी सुटका झाली, पण तिथेही व्हिडिओ चालू ठेवून ओपीडी उरकता येते.

आणखी एक अवघड बाब. खेड्यात पहिल्यांदा भेटणारा डॉक्टर पुष्कळदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. कित्येक आरोग्य केंद्रांचा भार बीएएमएस वैद्यकीय अधिकारीच वाहतात. त्यांच्या नोंदणी परिषदा वेगळ्या आहेत. पण विंचू चावताना डॉक्टरची पदवी विचारून चावत नाही. रात्रीच्या आणीबाणीतले उपचार जो देणार, त्याला ते शिकवणारी व्यवस्था सगळ्या परिषदांनी मिळून उभारावी लागेल. पॅथींच्या भांडणात हे काम मागे पडते.

कागदपत्रे वाढवून शिक्षण वाढते, अशीही समजूत करून घेऊ नये. अमेरिकेच्या इंटर्नल मेडिसिन मंडळाने प्रमाणपत्र टिकवण्यासाठी अटींवर अटी घातल्या, तेव्हा डॉक्टरांनी बंडच केले. फेब्रुवारी २०१५मध्ये मंडळाला आपले चुकले असे जाहीरपणे कबूल करून त्यातल्या काही अटी थांबवाव्या लागल्या. तपासणी डॉक्टरच्या रोजच्या कामाशी जोडलेली नसेल, तर ती आणखी एक फॉर्म होते. आपल्याकडे फॉर्म भरण्यात कोणी हरवू शकत नाही.

म्हणून सुरुवात लहान असावी. तीसपैकी सहा गुण तरी स्वतःच्या कामाच्या तपासणीचे असावेत. विषय जिल्ह्याने ठरवावेत. साताऱ्यात विंचू आणि साप, सांगलीत २०१९ आणि २०२१च्या महापुरांनंतर लेप्टोस्पायरोसिस, दोन्हीकडे उच्च रक्तदाब आणि क्षय. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२पासून आहे, साताऱ्याचेही आता सुरू झाले आहे. त्यांतल्या प्राध्यापकांनी महिन्यातून एकदा सभागृहाऐवजी आरोग्य केंद्रात जाऊन बसावे, तिथलेच केसपेपर समोर ठेवून बोलावे, आणि त्या दोन तासांचे गुण केंद्राच्या डॉक्टरला आणि प्राध्यापकाला, दोघांनाही मिळावेत. प्राध्यापकालाही काही शिकायला मिळेल. उदाहरणार्थ, रात्री अकरानंतर रुग्णवाहिका किती वेळात येते.

रुग्णांनी काय करावे? डॉक्टरची नोंदणी चालू आहे की नाही, हे कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहता येते, ते पाहावे. त्यापुढचे मात्र कुठल्याही संकेतस्थळावर दिसत नाही. त्यासाठी पावसाळ्यापूर्वी गावच्या आरोग्य समितीच्या बैठकीत दोन साधे प्रश्न विचारता येतील. केंद्रात प्राझोसिनची गोळी आहे का? आणि काचेच्या नळ्या किती शिल्लक आहेत?